रायफलला आलेला घाम

माझं गाव कुंडल. आमच्या रानातल्या इंजिनाला वडील सढळ हातानं तेल द्यायचे, आणि यंत्राला तेल जितकं जास्त तितकं ते खूश, असं मी धरून चाललो होतो. फौजेत आल्यावरही तसंच. बर्फातल्या चौकीवर पहिल्यांदा जायचं ठरलं तेव्हा निघण्याआधी मी रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी नळीत सारणारा दांडा, मन लावून तेलानं माखला.

वर पोचल्यावर पहाटे सगळ्यांनी एकेक गोळी झाडून हत्यार तपासायचं होतं. माझी पाळी आली. ट्रिगर दाबला आणि नुसतं 'टिक' झालं. गोळी बाहेर काढून पाहिली तर तिच्या बुडावर ठोका देणाऱ्या पिनेची पुसटशी खूण होती, नखानं ओरखडल्यासारखी. म्हणजे पिन पोचली होती, पण जोर संपल्यावर.

आमच्याकडे हत्यारं दुरुस्त करणारा हवालदार पाटणचा होता. त्याला आम्ही उस्ताद म्हणायचो. त्यानं बोल्ट खोलून पिन माझ्यासमोर धरली. तिच्यावरचं तेल काकवीसारखं घट्ट झालं होतं.

"लय पाजलंयस गड्या," तो म्हणाला. "ह्या चिकलातनं पिन पळंल कशी?"

त्यानं सगळे भाग पेट्रोलमध्ये धुतले, कोरडे पुसले आणि थंडीत चालणाऱ्या पातळ तेलाचा एक थेंब चिंधीवर घेऊन नुसता हात फिरवला. "बोटाला लागलं पायजे, डोळ्याला दिसाय नको. आन ही भाइरच टांगायची. आत शेकाय न्ह्यायची न्हाई."

"का उस्ताद?"

तो तोंड उघडणार इतक्यात पुढच्या चौकीवरून त्याला बोलावणं आलं आणि तो निघून गेला. रायफल मात्र वाजली.

पुढं काही दिवसांनी हवा फारच वाईट होती. बाहेर बोटं चालेनात, म्हणून रायफल आत बुखारीपाशी, म्हणजे आमच्या शेगडीपाशी, नेऊन साफ केली. झाल्यावर पहाऱ्याला निघालो. सकाळी बोल्ट ओढला तर जागचा हलेना. लाकडानं हळूहळू ठोकून सैल केला, तेव्हा खाचेत बर्फाची बारीक रेघ दिसली. तेल तर मी पुसून काढलं होतं. रात्रभर बर्फही पडला नव्हता. मग हे पाणी आलं कुठून? सुट्टी मिळून गावाकडं निघालो तरी हा प्रश्न डोक्यातून जाईना.

बायको घरी शिवणकाम करते. तिला हे सगळं सांगितलं. तिनं मशीन थांबवलं.

"आवं, खोबरेल गोठतं ती ठावं हाय. पर मशीनचं तेल बी गोठतं व्हय?"

"घट्ट होतं."

"मला न्हाई पटत. बघूया."

तिनं वाट्या काढल्या. एकीत खोबरेल, एकीत शेंगतेल, एकीत मशीनचं तेल, एकीत वडिलांच्या इंजिनाचं. सगळ्या फ्रीजरमध्ये गेल्या. आई म्हणाली, लेक सुट्टीवर आला आणि आइस्क्रीमच्या जागी तेल ठेवतोय. संध्याकाळी काढल्या तेव्हा खोबरेल दगड झालं होतं, शेंगतेल गढूळ होऊन बसलं होतं, इंजिनाचं तेल वाटी कलती केली तरी सरकायला वेळ घेत होतं. मशीनचं तेल थोडं आळसावलं होतं, पण वाहत होतं. बायको एकेका वाटीत काडी बुडवून बघत राहिली. मग मशीनची जुनी बॉबीन केस, खालच्या दोऱ्याचं रीळ बसतं ती लोखंडी डबी, तिनं कोरडी पुसली आणि तीही फ्रीजरमध्ये ठेवली.

सकाळी बाहेर काढून तिनं लगेच तिची छोटी खिट्टी उघडून पाहिली. सहज उघडली.

"ही चालती की!" ती म्हणाली आणि बॉबीन केस टेबलावर ठेवून चहा टाकायला गेली. परत आली आणि वाकून बघायला लागली. "आवं, हिकडं या. हिला घाम आलाय."

खरंच चकचकीत पत्रा धुरकट होऊन ओला झाला होता. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. तिनं ती तशीच ओली पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवली. दुपारी काढली, तर खिट्टी हलेना. नखानं नाही, सुईनं नाही.

मी तिथंच खुर्चीत बसलो. थंडगार रायफल मी बुखारीपाशी नेली, तिच्यावर आतल्या हवेचं पाणी जमलं, आणि ती तशीच घेऊन मी बाहेर पडलो. उस्ताद जे सांगणार होता ते हेच.

पुन्हा वर गेल्यावर रायफल बाहेरच्या आडोशाला टांगायला लागलो. आत न्यावीच लागली तर तिला पुरता घाम येऊ द्यायचा, सुकू द्यायचं, आतले भाग पुन्हा पुसायचे आणि मगच बाहेर. त्या थंडीत ती एकदाही अडली नाही. उस्तादाला बॉबीन केसची हकीकत सांगितली तेव्हा तो इतका हसला की त्याला खोकला लागला.

फोन लागला त्या दिवशी बायकोनं आधी रायफलचंच विचारलं.

"वाजती का?"

"वाजती."

"बरं, मग एक सांगा. गोळीतल्या दारूला थंडी बाधत न्हाई?"

 उस्तादाला विचारून सांगतो म्हणालो.