नाव नसलेली नोंद

वहिनी गेल्याचं महेशने फोनवर सांगितलं तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. ते उतू जाऊन ओटाभर झालं तरी मला हलता आलं नाही. त्याला आता महिना होत आला. शालिनीवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. कोल्हारच्या एका पतसंस्थेत त्यांनी नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर बायका भिशी लावतात, भजनी मंडळात जातात, तर या बाईंनी संगणकावर आमच्या आख्ख्या घराण्याचा वंशवृक्ष मांडायला घेतला. लग्नात पंगतीला बसल्या तरी शेजारच्या म्हातारीला विचारायच्या, "मावशी, तुमच्या आजीचं म्हायेर कोंचं हो?" मी लाजेने दुसऱ्या पंगतीची वाट धरायचे.

आमची शेवटची भेट त्या संगणकापुढेच झाली. तो इतका जुना झाला होता की मध्येच आपोआप बंद पडायचा, आणि त्यातला वंशवृक्षाचा प्रोग्रॅमही आता बाजारात मिळत नव्हता. त्यांचा मुलगा महेश पुण्यात असतो, त्याने नवा प्रोग्रॅम घेतला होता. जुन्यातली सगळी माहिती एका फाइलमध्ये काढायची, महेशला पाठवायची, आणि त्याने ती नव्यात घ्यायची... ऐकायला इतकं सोपं. पण वहिनींचं एक दिवसाआड डायलिसिस चाललेलं. संगणक आधी मान टाकतो की वहिनी, अशी अवस्था होती आणि माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

पहिल्या खेपेला महेश फोनवर म्हणाला, "आई, सगळी प्रश्नचिन्हं आलीत. पणजोबाही प्रश्नचिन्ह, मीही प्रश्नचिन्ह."

"तू तर हायेसच," वहिनी म्हणाल्या.

आमची मराठी अक्षरं नव्या प्रोग्रॅमला कळत नव्हती. फाइल काढताना युनिकोडचा पर्याय निवडायचा राहिला होता. तो सापडेपर्यंत संगणकाने आम्हाला दोनदा अंधारात बसवलं. शेवटी पलीकडे नावं नीट दिसू लागली. मी हुश्श केलं, पण वहिनींनी लगेच विचारलं, "मान्सं किती आली?" महेशने आकडा सांगितला. एक माणूस कमी होतं.

पुन्हा फाइल काढली, पुन्हा एक कमी. पंखा गरगरत होता, वहिनींना धाप लागली होती, मी "उद्या करू" म्हणत होते आणि त्या ऐकत नव्हत्या. मग महेशचा आवाज आला. "सापडलं! एक नोंद वगळली जातेय, तिला नावच नाहीये. चुकून रिकामी पडली असेल. कचराय तो, आई, पुसून टाक. आकडा जुळेल."

वहिनींचा हात माउसवर तसाच राहिला. त्यांचा चेहरा पाहिला आणि मला कळलं. महेशच्या आधी त्यांना मुलगी झाली होती आणि बारशाआधीच गेली होती. घरात पुन्हा तो विषय कोणी काढला नाही, महेशला तर कधीच सांगितलं नाही. माझा दादाही त्यावर अवाक्षर न काढता गेला. आणि या बाईंनी गुपचूप तिला दोघांच्या खाली, महेशच्या शेजारी जागा दिली होती, फक्त नाव कोरं ठेवून. मला महेशचा भयंकर राग आला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, तरी आला.

"गप बस रे!" मी ओरडले. "ताई आहे ती तुझी."

अगदी हळू आवाजात महेश म्हणाला, "मग काहीतरी नाव टाका ना. 'बाळ' टाका. नाव असलं की घेईल प्रोग्रॅम."

"बाळ नगं," वहिनी म्हणाल्या. "बारसं ऱ्हायलंय तिचं. वन्सं, नाव ठिवायचा मान आत्याचा. मी कशी ठिवू?"

इतकी वर्षं ही बाई माझ्यासाठी थांबली होती. बाळाच्या कानात सांगायचं ते नाव, पण बाळ कुठून आणू? मी वहिनींच्याच कानाशी वाकले, हळूच कुर्रर केलं आणि म्हणाले, "मंजिरी."

वहिनींनी एकेक अक्षर शोधत ते लिहिलं. फाइल निघेपर्यंत मी संगणकापुढे हात जोडून उभी होते, आता हसू येतं, तेव्हा नव्हतं आलं. "आई, सगळे आले," महेश म्हणाला. त्याचा आवाज ओला होता. वहिनी त्यानंतर थोड्याच दिवसांत गेल्या.

परवा महेशने आईच्या नावापुढे मृत्यूची तारीख भरायला वंशवृक्ष उघडला आणि मला फोन लावला. तारीख भरून झाली, तरी फोन ठेवेना. मग म्हणाला, "आत्या, ताई दिसायला कशी होती गं?"

दादा नाही, आता वहिनीही नाहीत. तिला पाहिलेली मी एकटीच उरले आहे.

"जावळ खूप होतं रे तिला," मी म्हणाले. "आणि हनुवटी... थांब, घाई करू नकोस. नीट आठवू दे मला."