रुंद तोंडाचा भोंगा

घाटंजीच्या आमच्या महिला भजनी मंडळात मी पुढं बसून गाते. मागं एकदा कुणीतरी मोबाईलवर केलेलं शूटिंग ऐकलं आणि मलाच कसंतरी झालं. सर्दी झालेल्या बाईसारखा आवाज. त्यानंतर मी माईक शेजारणीकडे सरकवायला लागले.

यांच्या ते लक्षात आलं. हे कापसाची शेती करतात, पण स्पीकर खोलायचा-जोडायचा नाद जुना. मंडळाचा स्पीकरही यांनीच जुळवलेला. खाली कागदी पडद्याचा मोठा स्पीकर, वर भोंगा.

"तुह्या आवाजात खोट नाही," हे म्हणाले. "भोंग्याचं तोंड लहान हाये. खालचे सूर त्याले झेपत नाही, म्हणून तो नाकात बोलते."

"मंग ते सूर त्याच्याकडं धाडता कायले?"

यांनी ते खरंच मनावर घेतलं आणि क्रॉसओव्हर काढला. कोणते सूर मोठ्या स्पीकरला आणि कोणते भोंग्याला, ही वाटणी तो करतो. यांनी ती वर सरकवली, भोंग्याकडे फक्त बारीक सूर ठेवले. नाकातला आवाज गेला. पण अंगणात कडेला बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई गाऊन राह्यली, पण शब्द समजून नाही राह्यले." मोठा स्पीकर वरचे सूर नाकासमोर फेकतो, बाजूला ते पोचतच नाहीत.

मग नवा भोंगाच करायचं ठरलं. शेतातून आले की हे प्लायवूड घेऊन बसत. तोंड परातीएवढं रुंद केलं, कडा बाहेर गोल वळवल्या. पॉलिश पेपर घासत सांगायचे, "कड धारदार राह्यली तर आवाज तिथं ठेचकाळते, मागं फिरते."

तोंड मोठं झालं, तशी वाटणी पुन्हा खाली आणता आली. सासूबाईंना त्याच कोपऱ्यात बसवून मी गायले. माझा आवाज माझ्यासारखा येत होता. मी मध्येच थांबून भोंग्याकडे बघायला लागले.

"थांबली काहून?" सासूबाई म्हणाल्या. "आत्ता कुठं समजून राह्यलं."

पुढच्या भजनाला मी माईक स्वतःच मागून घेतला. नंतर बोरी अरब गावच्या मंडळानं आम्हाला बोलावलं, भोंग्यासकट. ऑटोत बायकाच बायका. त्यांच्यात हे अवघडून बसले होते, भोंगा चादरीत गुंडाळून मांडीवर धरून. खड्डा आला की दोन्ही हातांनी त्याला सावरायचे.