चार वाजून दहा मिनिटांनी

सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. त्यातले निम्मे आल्या आल्या 'सगळं पुसून नव्यानं टाकू' म्हणतात. ताप आला म्हणून डोकं भादरावं, तशातला प्रकार. लालसाब मेकॅनिक त्यातले नव्हते. वय छप्पन्न. आधी रेडिओ, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. स्क्रू ड्रायव्हरच्या आधी ते वही काढायचे. किती वाजता बंद पडला, आधी काय चालू होतं, जवळ कोण होतं, सगळं लिहून घ्यायचे. यंत्र उगाच बंद पडत नाही, कारण असतंच, आणि ते सापडेपर्यंत त्यांना घास गोड लागायचा नाही.

फक्त एकदा त्यांनी वही काढली नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको साबेरा महिनाभर घराच्या जिन्यात आठव्या पायरीवर थांबायची, कठडा धरून म्हणायची की जरा दम लागतोय. जिना उभा आहे, असं लालसाबनी सांगून टाकलं. एका सकाळी ती त्या पायरीवर बसली ती उठलीच नाही. तेव्हापासून तिथं क्षणभर उभं राहिल्याशिवाय लालसाब वर जात नसत.

संक्रांतीनंतर पूनम नावाच्या एका बाईचा लालसाबना फोन आला. तिचा नवरा शिवलिंगप्पा चादरींची नक्षी कॉम्प्युटरवर काढून द्यायचा. आठ महिन्यांपूर्वी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, हातात चहाचा कप असताना तो कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीतच वारला. आता तेच काम त्याच कॉम्प्युटरवर पूनम करत होती आणि घर त्यावर चाललं होतं. तो कॉम्प्युटर आता रोज चार वाजून दहा मिनिटांच्या सुमारास आपोआप बंद पडायचा. त्याआधी आतला पंखा धापा टाकायला लागायचा.

"चाचा, कारण सापडलं नाही तर मी टेंभुर्णीला माहेरी जाणार," लालसाब घरी पोचल्यावर पूनम म्हणाली. "मला त्या खोलीत बसवत नाही."

सासू सिद्धम्मा दारातच उभी होती. सून गेली तर घरात ती आणि भिंती, एवढंच उरणार होतं. तरी तिला कारण नको होतं.

"माझा शिवू येतोय," ती म्हणाली. "त्याच्या टायमाला येतोय, बंद करून जातोय. तुमी कशाला हात लावताय?"

लालसाबनी हात लावला. शेजारी यंत्रमाग होते. दुपारच्या सुट्टीनंतर ते एकदम चालू होतात तेव्हा विजेचा दाब खाली जात असेल, म्हणून त्यांनी बॅटरी जोडून दिली. उपयोग झाला नाही. दुसऱ्या खेपेला कॉम्प्युटरचा डबा उघडला तर पंख्याच्या मागं पांढुरकी धूळ बसलेली. मागाची रुई, दुसरं काय, असं म्हणून त्यांनी ती फुंकून काढली. पाच दिवस सगळं ठीक. सहाव्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी अंधार. तिसऱ्या खेपेला आतला एक भाग बदलून पाहिला, तोही वाया गेला. रोज काही वेगळं करता का, हे त्यांनी दर खेपेला विचारलं, आणि दोघी दर खेपेला नाही म्हणाल्या.

मग ते यंत्र त्यांच्या मागं लागलं. आपल्या दुकानात बसलेले असताना चार वाजले की त्यांची नजर घड्याळाकडं जायची. पंख्याची ती धाप कानात बसली होती, आणि खरं सांगायचं तर ती आता पंख्याची राहिली नव्हती. ती आठव्या पायरीवरून येत होती.

चौथ्या खेपेला ते न कळवता दुपारी साडेतीनला गेले. पूनम रोजच्यासारखी भीतीनं शेजारी जाऊन बसली होती. यंत्र मात्र चालूच होतं. आपला मुलगा येण्याच्या वेळेला ते बंद करायला सासूची मनाई होती. लालसाब कोपऱ्यात स्टुलावर बसले. चार वाजता सिद्धम्मा हातपाय धुऊन आली. तीन बोटांवर भरपूर विभूती घेऊन तिनं काळ्या डब्याच्या जाळीवर आडवी ओढली. राखेचा भुरका जाळीतून आत खेचला गेला. मग तिनं समोर धूप ठेवला, कपाटातून शिवलिंगप्पाच्या शेवटच्या नक्षीची चादर काढली आणि डब्याला चहूबाजूंनी नीट पांघरली. पंख्याचा आवाज चढत गेला. चार वाजून दहा मिनिटांनी सगळं गप्प झालं.

"येऊन गेला," सिद्धम्मानं हात जोडले.

मेकॅनिक यायचा म्हटलं की ती पाहुण्यासाठी चादर घडी करून डबा पुसून ठेवायची. आणि विभूती लावणं तर रोजचंच. ते 'वेगळं' म्हणून कुणी सांगतं का?

लालसाबना गप्प बसता आलं असतं. डबा उंच फळीवर ठेवून, राख पुसून, झालं दुरुस्त म्हणून निघता आलं असतं. मुलगा येत होता, हा म्हातारीचा विश्वास तरी राहिला असता. पण विचारणाऱ्याला काहीतरी सांगून गप्प करणं त्यांनी एकदा केलं होतं.

"अव्वा," ते म्हणाले, "जाळीत राख बसली, वर चादर आली. आत वारा जात नाही. मग तापतं, आणि जळू नये म्हणून आपणच बंद होतं."

सिद्धम्मानं डब्यावरची चादर ओढून छातीशी धरली.

"म्हंजी मीच त्याला गुदमरवत हुते व्हय?"

"तुम्हाला माहीत नव्हतं," लालसाब म्हणाले. हे शब्द दोन वर्षांत त्यांना कुणी ऐकवले नव्हते.

शिवलिंगप्पाचा एक फोटो कोनाड्यात मांडला, विभूती आता त्याच्यासमोर लागू लागली. चादर खुर्चीच्या पाठीवर आली. पूनमनं माहेरचा विषय काढला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता लालसाब घरी जिना चढत होते. आठव्या पायरीवर थांबले तेव्हा फोन वाजला. सिद्धम्मा होती.

"आज बी बंद पडलं न्हाय. चार वाजले, पाच वाजले, चालूच हाय. पूनम काम करतीय. आता मी कुणाची वाट बघू?"

लालसाब पायरीवर बसले. दोन वर्षं ते इथं नुसते उभे राहिले होते, साबेरा बसली होती तिथं बसायची छाती झाली नव्हती.

"मला ठाऊक नाही, अव्वा," ते म्हणाले. "मी बी वाटच बघतोय."

पलीकडून तिनं फोन ठेवला नाही. मागं शिवलिंगप्पाच्या कॉम्प्युटरचा पंखा चालू असलेला ऐकू येत होता, एकसारखा, धाप न लागलेला.