कार्डाची गरमी कुठे सोडायची

घुग्घुसच्या त्या उन्हाळ्यात माझं ग्राफिक्स कार्ड आणि माझे बाबा एकाच खोलीत राहत होते, आणि दोघांनाही गरमी सोसत नव्हती.

कार्ड जुनं. नागपूरच्या एका गेमवेड्याने पुरतं पिळून काढल्यावर मी ते त्याच्याकडून घेतलं होतं. बाबा कारखान्याचं गरम पाणी गार करून फिरवणाऱ्या पंप हाऊसमधून रिटायर झालेले, फुप्फुसं अर्धी कामातून गेलेली. बिड्यांनी गेली की धुळीने, यावर आमचं भांडण व्हायचं आणि ते नेहमी खोकल्यावर संपायचं. मी चंद्रपूरच्या बिल्डरांसाठी न बांधलेल्या घरांची चित्रं करते. गॅलरीत तुळस, दारात पांढरी गाडी, आकाश असं निळं की चंद्रपूरवर ते कधी कुणी पाहिलं नसेल. एकेका चित्रावर कार्ड तासन्‌तास राबतं आणि तेवढा वेळ गरम हवा ओकत बसतं.

समोरच्या खोलीवर टिन आहे. एप्रिलच्या दुपारी तिथे कॉम्प्युटर दहा मिनिटांत आपणहून बंद पडायचा. एसी लावावा, तर आमच्या गल्लीत दुपारी व्होल्टेज इतकं पडतं की तो नुसता घरघरत राहील. म्हणून कूलरची आतली खोली आम्हा तिघांची होती. खिडकीत कूलर, त्याच्या तोंडासमोर बाबांची खाट, खाटेच्या पायथ्याशी माझं टेबल. बाबांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावलेला असे. त्यावरचा आकडा नव्वदच्या खाली गेला की मी काम थांबवायची, खिडक्या उघडायची, खोली जरा निवली की पुन्हा सुरू करायची. दिवसातून चारपाच वेळा हे चालायचं. कार्डाच्या पंख्याचा आवाज इतका की बाबा काही म्हणाले तर मला दोनदा विचारावं लागे, आणि दुसऱ्यांदा सांगायला त्यांना दम पुरत नसे.

तेव्हा मी ठरवलं की कार्डाला पाण्यावर घ्यायचं. पंखा काढून टाकायचा, चिपवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवायचा, छोट्या पंपाने त्यातून पाणी फिरवायचं, आणि तापलेलं पाणी नळीने दुसरीकडे नेऊन गार करून परत आणायचं. असलं काम मी जन्मात केलं नव्हतं. बाबांना सांगितलं तर त्यांनी दोन महिन्यांत पहिल्यांदाच स्वतःहून चष्मा मागितला.

"कागद आण," म्हणाले. "आन पेन्सिल. पेन नोको."

जुन्या कॅलेंडरच्या पानामागे त्यांनी रेघा मारायला सुरुवात केली. दम लागत होता, पण बाण मात्र सरळ येत होते. पंप कुठी, टाकी कुठी, पाणी काढून टाकायची तोटी कुठी. तोटी मी विसरले होते. त्यावरून त्यांनी मला असं झापलं की मी त्यांच्या हाताखाली नवीन लागलेली हेल्परच. मला राग आला आणि बरंही वाटलं.

पंधरा दिवस आम्ही तेच करत होतो. त्या जुन्या कार्डासाठी बेतलेला ठोकळा आता कुठेच मिळत नव्हता. कुठल्याही कार्डाला बसणारा, फक्त चिप झाकणारा छोटा ठोकळा मी मागवला आणि बाकीच्या तापणाऱ्या तुकड्यांवर चिकटवायला बारीक ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घेतल्या. पाण्याला ॲल्युमिनियम लागू द्यायचं नाही, असा बाबांचा हुकूम होता.

"तांब्यासंगं तांबंच ठेव. नाई त ते एकमेकाले खाते, आन तुले दिसतबी नाई."

पाणीही नळाचं नाही, आरओचंही नाही, बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड. आणि दुपारी दोनचं वेगळंच. कोळशाच्या खुल्या खाणीत रोज दोनच्या सुमारास सुरुंगाचा बार उडतो, जमीन हलते, मांडणीवरचे पेले किणकिणतात. नळीचा एकेक जोड त्यासाठी दोनदा आवळायचा आणि नळी कुठे ताणलेली ठेवायची नाही, असं बाबांनी कागदावर लिहून खाली रेघ मारली. हे कुठल्या व्हिडिओत सांगितलं नव्हतं. त्या दिवसांत त्यांचा खोकला कमी झाला होता असं मला वाटायचं. खरं म्हणजे ते बोलण्यात गुंतलेले असायचे आणि मी आकडा बघायला विसरायची.

एकच गोष्ट ठरत नव्हती. गरम पाणी गार कुठे करायचं? जाळी आणि पंखे वेगळे घ्यायचे, तर आमच्या धुळीत ते आठवड्यात बुजणार. मग मला एकदम सुचलं, आणि आपल्या हुशारीचं मला इतकं कौतुक वाटलं की मी टेबलावर थापच मारली. कूलरची टाकी. दिवसभर गार पाण्याने भरलेली, दोन हातांवर. फ्रीजवाल्याकडून तांब्याची नळी वेटोळं करून आणायची आणि टाकीत बुडवून ठेवायची. घराघरात कूलर आहे, हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही?

बाबांनी कागदाकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"चालते," म्हणाले.

मे लागला तेव्हा सगळं जोडून झालं होतं. खाली वर्तमानपत्र अंथरून एक अख्खा दिवस आम्ही नुसता पंप फिरवला, बारही झेलला, कागद कोरडा राहिला. मग कार्ड चालू केलं. आवाज नाही. ऐकायला म्हणून कूलरचा पंखाही क्षणभर बंद केला, तर खोलीत इतकी शांतता झाली की कूलरच्या गवतातून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं, आणि त्याच्या मागे बाबांचा श्वास. पडद्यावर कार्डाचं तापमान पूर्वीपेक्षा वीस अंशांनी खाली. मी हसत सुटले.

आता थांबायची गरज नव्हती. सकाळी नऊला काम लावायची ते दिवेलागणीपर्यंत. टेबलाशी बसून मी बाबांशी बोलत राहायची आणि त्यांचं बोलणं मला एकदाच ऐकून कळत होतं. त्यांनी मला पंप हाऊसच्या गोष्टी सांगितल्या, आईच्या सांगितल्या, एटापल्लीकडे नोकरीआधी वर्षभर लाकडाच्या डेपोत काढलं ते सांगितलं. मी तीस वर्षांत जे ऐकलं नव्हतं ते तीन आठवड्यांत ऐकलं.

पण बाबांच्या कपाळावर सतत ओल असायची. चादर सकाळीच दमट लागायची. चिमट्याचा आकडा आधी एकोणनव्वद, मग सत्त्याऐंशी. उन्हाळा यंदा वाईट आहे, सगळे म्हणत होते, मीही म्हणत होते. कार्ड आता गरम हवा सोडतच नव्हतं, तेव्हा काम थांबवायचं माझ्या मनातही आलं नाही. रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनीदेखील दुपारी गाड्या झाडाखाली लावायला सुरुवात केली होती. बाबा एक वाक्य बोलून आता दोन श्वास घेत. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी पडद्याकडे बघायची. तिथे सगळं उत्तम होतं.

मग एका दुपारी टाकीत पाणी भरताना माझा हात आत गेला. पाणी गार नव्हतं. तापलेलंही नव्हतं, नुसतं मेलेलं, कोमट. मी हात तसाच ठेवून उभी राहिले. कार्डाची गरमी मी या पाण्यात सोडत होते. हे पाणी गवतावर चढत होतं. गवतातून ओली हवा होऊन ती सरळ समोरच्या खाटेवर, बाबांच्या छातीवर जात होती. पूर्वी निदान मी थांबायची, खिडक्या उघडायची. आता नऊ-दहा तास सलग. खोलीतून काहीच बाहेर गेलं नव्हतं.

मी कार्ड बंद केलं आणि खाटेवर बसले. ज्या माणसाने चाळीस वर्षं गरम पाणी गार केलं, त्याला मी हे सांगणार होते.

"बाबा, टाकीतली गरमी तुमच्याच अंगावर येऊन राह्यली."

"हो," म्हणाले.

"तुमाले मालूम होतं?"

त्यांनी मान हलवली.

"कवापासून?"

"तू कागदावर काढलं तवापासून."

मला इतका संताप आला की मी उठून उभी राहिले. "मंग बोलले काऊन नाई?"

त्यांनी दम घेतला. पुन्हा घेतला. "बोललो असतो त तू मशीन समोरच्या खोलीत नेलं असतं. तू बी तिकडेच बसली असती."

मी तेच केलं. दुसरं काय करणार होते? बाहेर सावली फक्त समोरच्या बाजूला होती आणि तिथून आतल्या खोलीपर्यंत छोट्या पंपाचा जोर पुरला नसता; त्या सावलीत मातीचा रांजण ठेवला, वेटोळं त्यात सोडलं, नळी भिंतीतून काढली आणि टेबल समोरच्या टिनाच्या खोलीत नेलं. आता कार्ड तिथे तग धरत होतं, मी टेबल फॅनसमोर घामाने निथळत का होईना. चार बिल्डरांची कामं डोक्यावर होती. संध्याकाळपर्यंत आतली खोली खरोखर गार झाली. आकडा एक्क्याण्णववर आला आणि मी देवाचे आभार मानले.

दुपारी बाबा हाक मारायचे. टाकीत पाणी हाये का पाय. खिडकी लोट. किती वाजले? मी जायची, करायची, परत यायची. पुढे पुढे बसल्या जागेवरून ओरडून वेळ सांगायची. मग त्यांनी विचारणं सोडलं. मला वाटलं, झोप लागते आहे, गारव्याने बरं वाटतं आहे.

अकराव्या दिवशी बार उडाल्यावर मी जोड तपासले, काम संपवलं आणि साडेचारला चहा घेऊन आत गेले. खोली छान गार होती. बाबांचा हात त्याहून गार होता. ते कधी गेले, मला सांगता येत नाही. मी भिंतीच्या पलीकडे होते.