काळ्या गाडीवर विटेची पूड

आमच्या सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी घडवणारी घरं आहेत, त्यातलंच एक आमचं. त्यामुळे घासणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायची गरज पडली नाही. चिंच चोळून चोळून बोटांना चिरा पडायच्या, तेव्हाच मी ठरवलं होतं की मोठेपणी वाटेल ते करीन, पण घासणार नाही. म्हणून ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला. पुण्यात कंपनीत लागलो. कंत्राट संपलं, कंपनीनं हात जोडले. मग धुळ्यात, आमच्या बोलीत धुयामा, हायवेवरच्या एका चकचकीत दुकानात काम मिळालं. काम काय? लोकांच्या गाड्या घासायच्या! आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

पाटीवर इंग्रजीत ‘कार डिटेलिंग’ असं ऐटीत लिहिलेलं. पुढे तुला गिऱ्हाइकांशी बोलायचं काम देऊ, असं मालक म्हणाला होता. ते ‘पुढे’ काही उजाडलं नाही. गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, “धुवायचे किती?” मी त्याला रंगावरचा पारदर्शक थर, त्यातले बारीक ओरखडे, पॉलिश, सगळं समजावायचो. तो शांतपणे ऐकायचा आणि म्हणायचा, “बरं, मग धुवायचे किती?” माझं डोकं सणकायचं. पण गाडीला हात लागला की राग उतरायचा, हेही खरं. हँडलच्या मागे, दाराच्या कडेला, जिथे कोणी बघत नाही तिथेसुद्धा मी हयगय केली नाही. नोकरी मनासारखी नाही म्हणून काम वाईट करायचं, हे आमच्या घरात बसत नाही.

सलत होतं ते वेगळंच. माझे वडील, आबा, गावात कोणी पोराबद्दल विचारलं की सांगायचे, “आंडोर मोटारनी कंपनीमा शे. साहेब शे.” मी सुट्टीला घरी गेलो की पारावरची मंडळी मला साहेब म्हणायची आणि आबा दुसरीकडे बघायचे. पोराचं काम बापाला उघड सांगता येत नाही, हे मला कळत होतं. उभा जन्म भांडी घासलेल्या माणसाला माझ्या घासण्याची लाज वाटावी, याचा मला रागही यायचा आणि रडूही.

यंदा शेजारच्या नानांनी मुलाच्या लग्नासाठी नवी गाडी घेतली. काळी कुळकुळीत. वरात तिच्यातूनच दोंडाईचाला जायची होती. नानांनी हौसेनं ती बोअरच्या पाण्यानं धुतली आणि उन्हात तशीच सोडली. आमच्याकडचं पाणी क्षाराचं. बोनेटभर पांढरे डाग उमटले. डाग काढायचे तर आबांइतका जाणता माणूस गावात दुसरा कोण? नानांनी हाक मारली, आबा गेले, आणि हंड्याला करतात तेच त्यांनी गाडीला केलं. चिंचेचा कोळ, वर विटेची वस्त्रगाळ पूड आणि जोरकस हात.

चिंचेनं डाग गेले. आम्हीही क्षाराच्या डागांना सौम्य आम्लच लावतो, तेव्हा आबांचं निम्मं बरोबर होतं. घात केला तो विटेच्या पुडीनं. पाणी सुकलं तसं बोनेट राखाडी दिसायला लागलं. नाना बोनेटवर एकदा बोट फिरवून घरात निघून गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मी दुकानात असताना आबांचा फोन कधी यायचा नाही. त्या दिवशी आला. “मना हातथीन गाडी खराब व्हई गयी,” ते म्हणाले. मग हळूच त्यांनी विचारलं, “तुले येता यी का?”

मालकाला कधी नव्हे ती दया आली, त्यानं पॉलिशचं मशीन नेऊ दिलं. मी पोचलो तेव्हा नानांच्या अंगणात पत्र्याखाली गाडी उभी होती आणि आबा तिच्यापासून लांब, भिंतीला टेकून बसले होते. लग्न तोंडावर आलं होतं. गाडी सुधारली नाही, तर शेजारधर्म आणि आबांच्या हाताचं नाव दोन्ही जाणार, हे मला दिसत होतं.

आधी मी नखानं ओरखडे तपासले. नख सरकलं तर आशा असते, अडकलं तर रंग गेला समजायचं. बहुतेक ठिकाणी सरकलं. मग गाडी धुऊन, हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून बोनेटवरून फिरवली. पिशवीतून बारीकशी खरखरसुद्धा बोटांना मोठी लागते. आबा उठून जवळ आले. त्यांनी उपरण्याचं टोक बोटांवर ओढलं आणि दुसऱ्या बाजूनं तसाच हात फिरवला. हंड्याचा गुळगुळीतपणा ते असाच बघायचे, हे मी साफ विसरलो होतो. मला दुकानात शिकवलेली युक्ती आमच्या घरातच होती म्हणायची!

कडांना टेप लावून मी मशीन सुरू केलं. हातभर जागा घ्यायची, दाब सारखा ठेवायचा, पुसायचं, तिरकं बघायचं, पुढे सरकायचं. राखाडीतून काळा रंग वर यायला लागला. त्यात आरशासारखा आधी डोक्यावरचा पत्रा दिसला, मग आबांचं धोतर दिसलं. दुपार टळली तरी ते जागचे हलले नाहीत. कडेजवळ एक ओरखडा मात्र खोल होता. तिथे नख अडकत होतं. मी मशीन बंद केलं.

“आखो घासस का?” आबांनी विचारलं.

“नाही आबा. अजून घासलं तर रंगच जाईल.”

त्यांनी वाकून बघितलं. “बरोबर शे. पातय जागावर ठोका मारा का भांडं फुटस.” ते असं बोलतात ते बरोबरीच्या कारागिराशी. माझ्याशी पहिल्यांदाच बोलले.

वरात निघाली त्या सकाळी अख्खी गल्ली गोळा झाली होती. नानांची थोरली बहीण, आमच्या सगळ्यांची अक्का, तेलात कालवलेलं कुंकू घेऊन बोनेटवर स्वस्तिक काढायला पुढे झाली. आबांनी मध्ये हात घातला.

“अक्का, तठे नही. काचले लाय.”

“का रे भाऊ?”

पारावरची सगळी मंडळी तिथेच होती. आबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि बँडवाल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मना आंडोर धुयामा गाड्या घासस. तठे त्याना हात फिरेल शे.”

अक्कानं काचेवर स्वस्तिक काढलं. कोणीतरी कंपनीचं विचारलंच. गर्दीतला कोणी रेटून गाडीला टेकू नये म्हणून आबा तोवर बोनेटसमोर हात आडवे धरून उभे होते.