मडगार्डच्या आतला पत्रा

तुमच्या आजोबांची मोटार नव्याने रंगवायला द्यायचं ठरलं, तेव्हा मला भीती एकच होती : मिस्त्री तिचे जुने अस्सल भाग विकून टाकील आणि बाजारातले नकली बसवून देईल. असे भाग शोधत हल्ली शौकीन लोक गावोगाव फिरतात. म्हणून गाडी सुटी होण्याआधी मी प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिला आणि यादी केली. मिस्त्रीला यातलं काही सांगितलं नाही.

आधी औषध लावून रंग उतरवायचा, मग गंज घालवायला भाग पंधरा दिवस मळीच्या पाण्यात बुडवून ठेवायचे, असं तो म्हणाला. साखर कारखान्यातली, उसाची मळी!

"लोखंड काय लोणचं आहे मुरवायला?"

"माय, ॲसिड लोखंडबी खातं. मळी निस्ता गंज खाती. लय सबुरीचं काम हाय."

पंधरा दिवसांत भाग हैदराबादच्या जुन्या बाजारात जाऊन बदलून येतील, असं माझ्या मनात आलं.

सोळाव्या दिवशी यादी घेऊन गेले. धुतलेले भाग पोत्यांवर मांडले होते. एकावरही ठिपका नव्हता.

"माझ्या लाल खुणा कुठे गेल्या?"

मिस्त्री हसतच सुटला. "रंगाच्या खुणा? अन् रंग काढायलाच दिलं की माय!"

मी ओशाळले, पण संशय गेला नाही. डाव्या मडगार्डच्या आत पत्र्याचा तुकडा रिव्हेट मारून बसवलेला दिसला.

"हे आमचं नव्हे. आमची गाडी कधी ठोकलेली नाही."

"ठोकलीया. आतून-वरून पुट्टी भरून रंग मारला व्हता. सायबांनी तुमाला सांगितलं नसंल."

त्याने मडगार्ड उजेडात धरलं. तुकड्यावर टिंबाटिंबांनी माझं माहेरचं नाव कोरलेलं होतं. लग्नात भांड्यांवर नाव घालतात, तसं माझ्या वडिलांनी धान्याच्या कोठीच्या झाकणावरही घालून दिलं होतं.

ते झाकण हरवलं, तेव्हा मी आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंवर संशय घेतला होता. बोलले काहीच नाही. फक्त कोठीच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली. आठवड्यात त्या काम सोडून आपल्या गावी, वालूरला परत गेल्या. आजोबा तेव्हा पेपर वाचत बसले होते.

"हा तुकडा काढून नवा पत्रा लावू का?" मिस्त्रीने विचारलं.

"लावा. पण जुना फेकू नका."

"आता कामून? मडगार्ड तर तुमचंच निघालं."

"वालूरला न्यायचाय," मी म्हटलं.