जाळीदार वाण

धोंड्याच्या महिन्यात जावयाला जाळीदार वस्तू द्यायची असते, म्हणून सासूबाईंनी मला तेहतीस अनारसे दिले आणि सासऱ्यांनी मोटार दिली.

मोटार त्यांनी आपण होऊन दिली असं नाही. इंदापूरला सासरी गेलो की मी तिच्याभोवती चकरा मारायचो आणि तात्यांना ऐकू जाईल असा सुस्कारा टाकायचो. (त्या सुस्काऱ्याची तालीम बारामतीत घरीच झालेली असे!) जुनी विलायती गाडी, रंग सायीचा, दिवे म्हशीच्या डोळ्यांएवढे. तात्या तिला वर्षानुवर्षं बैलांबरोबर पाटात उतरवून धूत आले होते. शेवटी अधिक महिना आला आणि तात्या विरघळले.

"घिऊन जावा, जावईबापू. पर जपा. जीव हाय माझा तिच्यात."

वर सासूबाईंनी बोटात सोन्याची अंगठी घातली. जरा सैल होती. "अंग धरलं की बसंल," म्हणाल्या.

औक्षण झालं. मी मालकाच्या रुबाबात गाडी न्याहाळू लागलो. दाराखालच्या पट्टीवर रंगाला हरभऱ्याएवढा फोड आला होता. फोड दिसला की फोडायचा, हा आमच्या घराण्याचा गुण. बोटानं दाबला. कुर्रर्र! बोट आत. ओढलं तर बोट बाहेर आलं, अंगठी आली नाही!

"काय झालं वो?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. पत्रा बघतोय. दणकट आहे!"

"मग घाम कशाचा फुटलाय?"

तेवढ्यात तात्या आले. मी भोकावर पोटरी टेकवून उभा राहिलो. सासऱ्याच्या गाडीला भोक पाडलं आणि त्यात सासूची अंगठी घालवली, एवढंच बारामतीपर्यंत झाकायचं होतं. तिथं पत्रा कापायचा, अंगठी काढायची. साधा बेत!

निघालो. अनारशांचा डबा बायकोच्या मांडीवर. पहिल्याच खड्ड्याला पट्टीतून आवाज आला, खण्ण!

"काय वाजतंय?"

"जुन्या गाड्या बोलतात."

मला तर तो आवाज गोडच वाटत होता. अंगठी शाबूत! निमगाव केतकी, खण्ण. लासुर्णं, खण्ण. पुढं मात्र आवाज थांबला.

"बघ," मी म्हणालो, "रस्ता किती सुधारला!"

बारामतीत रशीदभाई डेंटरनं पट्टीवर हातोडीची टिचकी मारली. रंगाचा आणि आत खड्डे बुजवायला भरलेल्या लांबीचा पापुद्रा भाकरीसारखा सुटून आला. पट्टीला तळच नव्हता! दुसरी टिचकी मडगार्डवर. तेही गेलं. तिसरी मीच मारू दिली नाही.

"सायेब, पत्र्याला गंज न्हाय चढलेला, गंजाला रंग चढलाय! पाण्यात ऱ्हायची का ही?"

"बैलांबरोबर."

"आन् अंगठी म्हनताय, ती कवाच उतरली की. तिकीट थोडंच काढलं व्हतं तिनं?"

स्कूटर काढून लासुर्ण्याच्या पुढं गेलो आणि रस्त्यावर ओणवा होऊन शोधू लागलो. चार माणसं जमली.

"काय हुडकताय?"

"अंगठी."

"कुटनं पडली?"

"मोटारीच्या दारातून."

"दार उघडं व्हतं?"

"बंद होतं."

त्यांनी मला सावलीत बसवून पाणी पाजलं. एक म्हातारा चेहऱ्याकडे निरखून म्हणाला, "आरं, हे इंदापूरच्या तात्यांचं जावई न्हवं?" झालं! मी घरी पोचायच्या आत बातमी सासरी पोचली. अंगठी कुणालाच सापडली नाही. मी मात्र सगळ्यांना सापडलो.

तात्या बारामतीला आले, मोटारीच्या सांगाड्याभोवती फिरले. मी खाली मान घालून उभा. एका भोकातून त्यांनी पलीकडं उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं.

"जावईबापू, वान जाळीदारच लागतं. आमी रीत सोडली न्हाय."

पुढच्या धोंड्याला मोटार नाही, अंगठी नाही, नुसते अनारसे आले. ताट पुढं सारून तात्या एवढंच म्हणाले, "खावा. निस्तं बोट घालू नगा!"

तेव्हापासून मी अनारसा चमच्यानं खातो.